पंचवीस वर्षं जुन्या जम्बोत बसावं का, आणि बसलात तर काय पाहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई-फ्रँकफर्ट-अमेरिका असा प्रवास ठरलाय आणि फ्रँकफर्टच्या पुढचा टप्पा जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीच्या बोइंग ७४७-४०० चा, म्हणजे जम्बोचा मिळतोय. विमान पंचवीस वर्षांच्या पुढचं आहे. विचारणाऱ्याला लहानपणापासून विमानांचं वेड, जम्बोत बसायची इच्छा तितकीच जुनी. आई मात्र म्हणते, एवढं म्हातारं विमान कशाला, दुसरं बघ. तर असं विमान सुरक्षित असतं का, कुठली जागा घ्यावी आणि काय पाहावं?

माझी नोकरी विमान-देखभालीची. तिचा मोठा भाग जम्बोच्या पोटात, पंखाखाली आणि शेपटीत चढून गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच देऊन टाकतो: बसा. आईंची काळजी अगदी रास्त आहे, पण त्या वर्षं मोजताहेत आणि विमानाचं वय वर्षांत मोजून फारसं काही कळत नाही.

आमच्याकडे वय तीन खात्यांत मांडलं जातं: उड्डाणाचे तास, उड्डाणांची संख्या आणि मग वर्षं. या तिन्हींत सांगाड्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा उड्डाणांचा, ज्याला आम्ही सायकल म्हणतो. एकदा उडालं आणि एकदा उतरलं की एक सायकल. कारण सोपं आहे. विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा केबिनमध्ये साधारण पाच-सहा हजार फुटांवरची हवा राखलेली असते. आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक चौरस इंचाला नऊ पौंडांच्या जवळ जातो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे सहा टन. दर उड्डाणाला विमानाचं धड एवढ्या दाबाने फुगतं आणि उतरताना परत सैल होतं. तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवली की तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच.

आता हिशेब करा. अमेरिकेला जाणारं जम्बो एका फेरीत आठ-नऊ तास हवेत असतं. दिवसाला सरासरी बारा तास उडलं तरी वर्षाची उड्डाणं पाचशेच्या आसपास भरतात. पंचवीस वर्षांत झाली बारा-तेरा हजार. बोइंगने ७४७ चा सांगाडा आखताना वीस हजार उड्डाणं आणि साठ हजार तास धरले होते. म्हणजे तासांच्या खात्यात तुमचं विमान त्या आकड्याच्या खूप पुढे गेलेलं असेल, पण उड्डाणांच्या खात्यात अजून आतच. तास जास्त म्हणजे इंजिनं, पंप, वायरी, झडपा, सीटा यांची झीज जास्त, आणि या सगळ्या गोष्टी बदलता येतात, बदलल्या जातातच. पंचवीस वर्षांच्या जम्बोवर कारखान्यातून निघतानाची इंजिनं बहुधा नसतातच. धड मात्र तेच असतं, आणि ते किती वेळा फुगलं यावर सगळं ठरतं.

याची उलट बाजू १९८८ च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांवर दिसली. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ बेटाबेटांमध्ये वीस-तीस मिनिटांच्या फेऱ्या मारायचं. वय एकोणीस, पण उड्डाणं जवळपास नव्वद हजार, आणि सगळा जन्म खाऱ्या हवेत. चोवीस हजार फुटांवर पुढच्या भागाचं छप्परच उडालं. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली, बाकी सगळे वाचले. त्या दिवसापासून आमचा धंदा बदलला. तोपर्यंत आम्ही एखादी भेग शोधायचो. अलोहाने शिकवलं की पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या एका ओळीत शेजारीशेजारी शंभर बारीक भेगा असू शकतात, एकेकटी निरुपद्रवी, पण एकमेकींना मिळाल्या की क्षणात पत्रा फाटतो. जुन्या विमानांसाठी वेगळ्या तपासण्या, गंज रोखण्याचे कार्यक्रम, जुन्या डागडुजीची फेरतपासणी हे सगळं त्यानंतर आलं. पुढे २०१० च्या अखेरीस अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमानवाहतूक नियामकाने, प्रत्येक मोठ्या विमानप्रकाराला उड्डाणांची आणि तासांची शेवटची मर्यादा ठरवायला लावली. त्या आकड्यापुढे ते विमान प्रवासी घेऊन उडूच शकत नाही, कितीही चकाचक दिसत असलं तरी.

जम्बोचं स्वतःचं दुखणं वेगळं, आणि विमानवेड्या माणसाला ते माहीत असायलाच हवं. त्याला आम्ही सेक्शन ४१ म्हणायचो: नाकापासून पहिल्या दारांच्या मागेपर्यंतचा भाग. जम्बोची ती कुबड, म्हणजे वरचा मजला, इथूनच सुरू होते. बाकीचं धड गोल आहे, आणि गोल नळी दाब सगळीकडे सारखा वाटून घेते. कुबडीपाशी आडवा छेद गोल नाही. वर एक लहान गोल, खाली एक मोठा गोल आणि दोन्हींना जोडणाऱ्या बाजू जवळजवळ सपाट. आतून दाब आला की ही सपाट बाजू गोल व्हायला बघते, बाहेर येते, परत आत जाते, आणि तिथल्या आडव्या फासळ्या दर उड्डाणाला वाकतात. १९८० च्या दशकात पहिल्या पिढीच्या जम्बोंमध्ये या फासळ्यांना भेगा सापडायला लागल्या. मग जगभरच्या हँगरांत जम्बोंची नाकं आतून सोलून फासळ्या बदलण्याचं काम चाललं. ज्यांनी ते केलंय त्यांना विचारा, महिनोन् महिने खाणारं काम होतं ते. ७४७-४०० मध्ये हा भाग कारखान्यातच सुधारून आला. जिथे जगातले विमानवेडे सगळ्यात जास्त फोटो काढतात, त्याच वळणात सांगाड्याचं सगळ्यात अवघड काम दडलेलं आहे. विमानात चढताना त्या सपाट बाजूकडे जरूर बघा.

आता जे बोलायला जड जातं ते. जुन्या जम्बोंचे सांगाड्यामुळे झालेले दोन सगळ्यात भयंकर अपघात वयामुळे झाले नाहीत, दुरुस्तीमुळे झाले. १२ ऑगस्ट १९८५, जपान एअरलाइन्स १२३. ५२० माणसं गेली, चार वाचली. १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती करताना जोडपट्टी अखंड बसवायची ती दोन तुकड्यांत बसली, आणि जो भार रिव्हेटांच्या दोन ओळींनी घ्यायचा तो एकाच ओळीवर आला. सात वर्षं ती ओळ टिकली. मग भिंत फुटली, आतल्या हवेने शेपटीचा उभा पंख उडवला आणि ज्यांच्या जोरावर विमान वळवलं जातं त्या, तिथून जाणाऱ्या चारही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) प्रणालींचं तेल वाहून गेलं. त्यानंतर बोइंगने शेपटीकडे जाणाऱ्या चौथ्या प्रणालीत अशी झडप बसवली की नळी तुटली तर ती आपोआप बंद व्हावी. तुमच्या विमानातही ती आहे.

दुसरा अपघात २५ मे २००२ चा. चायना एअरलाइन्स ६११, तैपेईहून हाँगकाँगला निघालेलं, २२ वर्षांचं ७४७-२००. आकाशातच तुकडे झाले, २२५ जण गेले. १९८० मध्ये हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर त्याचीही शेपटी घासली होती. घासलेल्या पत्र्यावर ठिगळ मारलं गेलं. नियमाने ओरखडलेला पत्रा कापून काढायचा किंवा ठिगळ ओरखड्यांच्या बरंच पुढेपर्यंत न्यायचं. तसं झालं नाही. ओरखडे ठिगळाखाली राहिले आणि बावीस वर्षं त्यांच्या भेगा वाढत गेल्या. तपासात आधीच्या एका पाहणीचे फोटो निघाले. त्यांत ठिगळाच्या कडेने तपकिरी डाग दिसत होते. विमानात धूम्रपान चालायचं त्या काळात केबिनमधली हवा ज्या फटीतून बाहेर झिरपायची तिथे निकोटीनचे असे डाग पडायचे. आमच्या पिढीतले जुने तपासनीस बॅटरी घेऊन धडाखालून फिरताना आधी तेच डाग शोधायचे. तो डाग म्हणजे विमान सांगतंय की इथून हवा जातेय. तो वाचणारं कुणीतरी पाहिजे.

म्हणून माझं ठाम मत असं की विमान किती जुनं हा दुय्यम प्रश्न आहे. त्याला कधी मार लागला होता का, तो कुणी बुजवला आणि त्याचा कागद कुठे आहे, हा खरा प्रश्न. एकाच कंपनीने नवं घेतलेलं, तिनेच सांभाळलेलं आणि सलग कागदपत्रं असलेलं पंचवीस वर्षांचं जम्बो मी डोळे झाकून पत्करीन. चार देशांत हात बदललेलं, दोन वर्षं कुठेतरी धूळ खात उभं राहिलेलं पंधरा वर्षांचं विमान असेल तर आधी त्याच्या फायली मागवीन. लुफ्तान्साची ७४७-४०० पहिल्या प्रकारची आहेत: नवी घेतली, स्वतःच वापरली, देखभालीची स्वतःची मोठी कंपनी. आईंना हे सांगा.

मोठ्या तपासणीत, ज्याला डी-चेक म्हणतात, नेमकं काय होतं तेही सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की विमान धुतात, तेलपाणी बघतात आणि सोडतात. विमान हँगरमध्ये घेतलं की सीटा निघतात, गालिचे निघतात, छताची आणि भिंतीची पॅनेलं निघतात, गॅली (विमानातली स्वयंपाकघरं) आणि टॉयलेटं उचलून बाहेर काढली जातात. मग फरशीची फळी वर उचलली की खरं विमान दिसतं. हिरवट-पिवळा प्रायमर लावलेल्या फासळ्या, लांब पट्ट्या, वायरींचे जुडगे. सगळ्यात वाईट अवस्था गॅलीच्या आणि टॉयलेटच्या खाली असते. वर्षानुवर्षं सांडलेला चहा, संत्र्याचा रस, टॉयलेटचं निळं पाणी. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो, पांढरी भुकटी असते. कधी रंगाखाली नुसता फुगवटा दिसतो, नखाने खरवडला की पापुद्रे सुटतात. तो गंज घासून काढायचा, किती पत्रा उरला ते मोजायचं, ठरल्यापेक्षा कमी उरला तर तुकडा बदलायचा किंवा मजबुती द्यायची. शेवटी गंजरोधक द्रव फवारायचा. त्याचा मेणचट वास अंगाच्या कपड्यांना आठवडाभर राहतो.

भेग शोधण्यासाठी एडी करंटचं यंत्र असतं, ते पत्र्यात विजेचे सूक्ष्म प्रवाह निर्माण करून त्यांतला बदल दाखवतं. पेन्सिलीएवढा प्रोब हातात, तो रिव्हेटच्या डोक्याभोवती हळूहळू फिरवायचा आणि नजर छोट्या पडद्यावर ठेवायची. पत्रा अखंड असेल तर ठिपका जागच्या जागी राहतो. खाली डोळ्यांना न दिसणारी भेग असेल तर ठिपका उसळी मारतो. मग तोच रिव्हेट पुन्हा, प्रोब फिरवून पुन्हा, आणि तरीही उसळला तर रिव्हेट काढून भोकाच्या आतून तपासणी. एका जोडावर असे शेकडो रिव्हेट असतात. रात्रपाळीत चौथ्या तासाला मन भरकटू लागतं, म्हणून शहाणा सुपरवायझर माणूस बदलतो. जुन्या जम्बोची सुरक्षितता कुठे घडते असं कुणी विचारलं तर मी त्या प्रोबकडे आणि तो धरलेल्या हाताकडे बोट दाखवीन.

वायरींबद्दल एवढंच. १९९६ मध्ये अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीचं उड्डाण ८००, हे पंचवीस वर्षांचं जम्बो न्यूयॉर्कहून निघाल्यावर काही मिनिटांतच फुटलं, २३० जण गेले. मधल्या इंधनटाकीतली वाफ पेटली होती. ठिणगीचं सगळ्यात संभाव्य कारण म्हणजे टाकीबाहेरच्या वायरींतलं शॉर्ट सर्किट. त्यातून टाकीत नायट्रोजन भरून वाफ पेटूच नये अशी व्यवस्था आली आणि वायरींच्या तपासणीचा स्वतंत्र अभ्यासक्रम झाला. ॲमस्टरडॅमला १९९२ मध्ये मालवाहू जम्बोचं इंजिन पंखापासून सुटलं, त्यानंतर जगभरच्या जम्बोंच्या इंजिनांचे खांब आणि पिना बदलल्या गेल्या. यांतले बरेच धडे तुमच्या विमानापर्यंत पोचलेले आहेत. पन्नासहून अधिक वर्षं जगभर चालवलेल्या यंत्राची दुखणी कुठे असतात हे आम्हाला पाठ झालेलं असतं, आणि मला त्याचा फार आधार वाटतो.

मग जम्बो निवृत्त का होतंय? ते धोकादायक झालं म्हणून नव्हे. चार इंजिनं तासाला दहा टनांच्या आसपास इंधन पितात. तेवढीच माणसं नेणारं दोन इंजिनांचं ७७७ त्यापेक्षा बरंच कमी पितं. एक डी-चेक म्हणजे कोट्यवधींचा खर्च, आणि पुढची मोठी तपासणी जवळ आली की कंपनीचा हिशेबनीस विमान विकून टाका म्हणतो. कोविडच्या वर्षी केएलएम, ब्रिटिश एअरवेज आणि क्वांटास या तिघांनी आपली प्रवासी जम्बो निवृत्त केली. कारखान्यातून शेवटचं ७४७ निघालं ते मालवाहू, ३१ जानेवारी २०२३ ला ॲटलस एअरला दिलं गेलं. एकूण १५७४ विमानं झाली. आता नियमित प्रवासी जम्बो म्हणावं तर लुफ्तान्सा, कोरियन एअर आणि एअर चायना, एवढीच नावं पटकन आठवतात.

आपल्याकडची गोष्टही इथे सांगायलाच हवी. एअर इंडियाचं पहिलं जम्बो ‘एम्परर अशोक’ १९७१ च्या एप्रिलमध्ये मुंबईत आलं. बाहेर खिडक्यांभोवती लाल रंगाचे झरोके रंगवलेले, आत वर जायला गोल जिना. मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीने सांताक्रूझ-कलिन्याच्या आकाशात ती विमानं डोक्यावरून उतरताना पाहिली. नंतर ७४७-४०० आली, त्यांत ‘कोणार्क’, ‘अजंठा’, ‘आग्रा’ आणि आपल्या गोव्याचं नाव लावणारं ‘वेल्हा गोवा’. २०२० च्या फेब्रुवारीत वुहानमधून ३२४ भारतीयांना दिल्लीला आणलं ते एअर इंडियाच्या जम्बोनेच. २२ एप्रिल २०२४ ला उरलेल्यांतलं एक मुंबईहून कायमचं निघालं आणि उड्डाणानंतर वैमानिकाने दोन्ही बाजूंना पंख झुकवून निरोप घेतला. आमच्यापैकी बरेच जण त्या दिवशी गच्चीवर उभे होते. त्यामुळे भारतीय कंपनीच्या जम्बोत बसण्याची संधी आता नाही. तुम्हाला मिळतेय ती दवडू नका.

आता तुमच्या आवडीच्या भागाकडे येऊ.

जागा. ७४७-४०० मध्ये लुफ्तान्साचा बिझनेस क्लास दोन ठिकाणी आहे: वरच्या मजल्यावर आणि खालच्या मजल्यावर थेट नाकात. पैसे किंवा माइल्स असतील तर लोक वरचा मजला घेतात. मी नाक घेईन. तिथे दोन्हीकडच्या भिंती पुढे जाऊन एकमेकींना भेटायला येतात, आणि वैमानिक तुमच्या डोक्यावर, किंचित मागे बसलेले असतात. दुसऱ्या कुठल्याच प्रवासी विमानात वैमानिकाच्या पुढे बसता येत नाही. वरच्या मजल्याचं सुख वेगळं. लहानशी शांत खोली, खिडकीला लागून सामान ठेवायचा कप्पा, इंजिनं खूप मागे.

इकॉनॉमीत असाल तर दोन पर्याय. यंत्र पाहायचं असेल तर पंखाच्या मागच्या कडेच्या किंचित मागची खिडकी, तीही उजवीकडची. दुपारी फ्रँकफर्टहून अमेरिकेकडे जाताना सूर्य डावीकडे राहतो, उजवीकडे फोटो स्वच्छ येतात आणि नशीब असेल तर ग्रीनलँडचा बर्फ दिसतो. जोडीदाराबरोबर निवांत जायचं असेल तर अगदी शेवटच्या काही रांगा. शेपटीकडे धड निमुळतं होतं, त्यामुळे तीनऐवजी दोनच सीटा बसतात आणि खिडकीपाशी हात पसरायला जागा मिळते. विमान डोलतं तेव्हा तिथे जास्त जाणवतं, हे लक्षात ठेवा.

चढताना दाराशी दोन सेकंद थांबा. बाहेरच्या पत्र्यावर हात टेकवला तर कुणी ओरडत नाही. दाराच्या चौकटीभोवती खरचटलेलं दिसेल, बारीक पोचे दिसतील, एखादं रिव्हेटचं ठिगळही दिसेल. जिने आणि खानपानाच्या गाड्या वर्षानुवर्षं तिथेच टेकतात. यातल्या प्रत्येक पोच्याची खोली मोजून नकाशावर नोंद झालेली असते, आणि पुढच्या तपासणीत तो नोंदीत नसलेला निघाला तर चौकशी होते. पंखावर चंदेरी चिकटपट्टी दिसली तर घाबरू नका. ती स्पीड टेप, ॲल्युमिनियमची. सीलंट निघालेल्या किंवा रंग उडालेल्या जागी पुढच्या दुरुस्तीपर्यंत ती लावायला दुरुस्तीपुस्तिकेत परवानगी असते. भार घेणाऱ्या भागाला टेप कुणी लावत नाही.

आवाज. इंजिन सुरू करताना एसीची हवा थांबते आणि केबिन क्षणभर विचित्र शांत होते, कारण ती हवा इंजिन फिरवायला दिलेली असते. मग पंखाच्या पुढच्या कडेचे फ्लॅप, म्हणजे कमी वेगात पंखाला जास्त उचल देणाऱ्या फळ्या, बाहेर येतात. जम्बोमध्ये ते दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मोटरींनी हलतात, त्यामुळे त्यांची शिट्टीसारखी कुई इतर विमानांत ऐकू येते तशी नसते. मागचे फ्लॅप हायड्रॉलिकवर, त्यांची घरघर जाड. धावपट्टीवर वेग घेताना छताची पॅनेलं आणि डोक्यावरचे कप्पे खडखडतील. शेजारचा माणूस विमान खिळखिळं झालंय म्हणेल. खडखडतं ते आतलं प्लास्टिक आणि फायबर, त्याचा सांगाड्याशी काही संबंध नाही. चाकं आत घेताना एकापेक्षा जास्त धप्प ऐकू येतील. नाकाचा एक आणि पोटाखाली चार असे पाच पाय आणि अठरा चाकं आहेत, ती आपापल्या वेळेने आत जातात.

हवा खराब असेल तर इंजिनांकडे बघा. ती खांबांवर डावी-उजवीकडे हलताना दिसतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव वर येतो. त्यांनी हलायचंच असतं. खांब ताठ असता तर सगळा धक्का पंखाच्या मुळाशी गेला असता.

आणि शेवटचा अर्धा तास झोपू नका. ७४७-४०० चे मागचे फ्लॅप तीन तुकड्यांचे, एकामागून एक सरकत बाहेर येतात, मध्ये फटी राहतात. त्या फटींतून हवा वरच्या अंगाला जाते आणि एवढं अजस्र विमान सावकाश उतरू शकतं. पूर्ण उघडले की पंखाचा मागचा भाग झुकून खाली आलेला असतो आणि फटींमधून खालची घरं आणि रस्ते दिसतात. नव्या विमानांत हे राहिलं नाही. त्यांचे फ्लॅप साधे आहेत, हलके आहेत, देखभालीला सोपे आहेत, आणि इंजिनिअर म्हणून मी त्याचं स्वागत करतो, पण पाहायला यासारखं दुसरं काही नाही. एलेरॉनही बघा, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या फळ्या. टोकाकडचे फक्त कमी वेगात, फ्लॅप उघडे असताना हलतात. वर गेल्यावर ते अडकवून ठेवलेले असतात आणि फक्त आतले काम करतात, नाहीतर जास्त वेगात पंखच पिळला जाईल. चाकं टेकली की इंजिनांच्या आवरणाचा मागचा अर्धा भाग मागे सरकतो आणि आतल्या जाळीतून हवा पुढे फेकली जाते. हे पंखामागच्या खिडकीतून स्पष्ट दिसतं. मोबाइल आधीच तयार ठेवा, हा खेळ काही सेकंदांचा असतो.

उतरल्यावर घाई नसेल तर थांबा, दारातल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारा. उड्डाणात कॉकपिट कुणालाच उघडत नाहीत, पण विमान उभं राहिल्यावर कॅप्टनला वेळ असेल तर बरेचदा हो म्हणतात. वर गेलात तर वैमानिकांच्या मागची जागा बघा. ७४७-२०० मध्ये तिथे फ्लाइट इंजिनिअर बसायचा, समोर घड्याळांची आणि बटणांची अख्खी भिंत. ७४७-४०० मध्ये ती भिंत गेली आणि दोघांच्या हातात काम आलं.

तिकिटाबद्दल शेवटचं. बुकिंग करताना विमानाचा कोड बघा: ७४४ म्हणजे ७४७-४००, ७४एच म्हणजे नवं ७४७-८. शेपटीजवळची नोंदणी डी-एबीव्ही ने सुरू होत असेल तर ४००, डी-एबीवाय असेल तर ८. विमान ऐनवेळी बदलू शकतं आणि कंपनी त्याला बांधील नसते, म्हणून निघायच्या आधल्या दिवशी सीटचा नकाशा पुन्हा उघडून बघा. वरचा मजला दिसत नसेल तर विमान बदललंय. ७४७-८ आलं तर तेही जम्बोच, लांब, शांत, फक्त ते तीन तुकड्यांचे फ्लॅप त्याला नाहीत. दुसरंच काही आलं आणि हातात एखादा दिवस असेल तर फोन करून दुसऱ्या दिवशीच्या ७४७ वर जागा आहे का विचारा. विमान कंपनीने बदललंय, त्यामुळे निदान विचारायला काहीच हरकत नाही.